मिटत गेलेली फट

१

उल्का वानखेडे रोज सकाळी बसमधून उतरायची, दारातल्या पायपुसण्यावर बुटांचा बर्फ झटकायची आणि वैद्यकीय शाखेच्या जुन्या इमारतीच्या तळघरात जायची. कोट न काढताच मायक्रोस्कोपचा दिवा लावायचा, मग केटल. चहा होईपर्यंत हीटरचे नळ खडखड करून खोली थोडी ऊबदार करायचे आणि तिची बोटं सुटी व्हायची. चौऱ्याण्णव सालचा जानेवारी होता. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये त्या महिन्यात थंडीनं असा कहर केला होता की सायकलवाले विद्यार्थीसुद्धा मुकाट्यानं बसमध्ये चढायला लागले होते.

तिचं काम तिला आवडायचं. खोलीच्या तीन भिंतींना लाकडी कपाटं होती. त्यांच्या उथळ खणांमध्ये डुकराच्या गर्भांच्या जुन्या स्लाइड्स ओळीनं आडव्या ठेवलेल्या होत्या. करंगळीच्या नखाएवढा एकेक गर्भ मेणात बसवून, डोक्यापासून शेपटापर्यंत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापलेला, आणि ते सगळे छेद क्रमानं काचेवर चिकटवलेले. ज्यांनी कापले ती माणसं केव्हाच वारली होती. उल्कानं मायक्रोस्कोपमधून एकेका छेदातल्या मज्जासंस्थेची बाह्यरेषा कागदावर काढायची. मग त्या रेषा कॉम्प्युटरमध्ये भरायच्या. कॉम्प्युटर त्या एकावर एक रचून सबंध मेंदू आणि मज्जारज्जू उभा करायचा आणि पडद्यावर गोल फिरवून दाखवायचा. त्या काळी ही मोठीच नवलाई होती.

नागपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना हाच भाग ती फळ्यावर रंगीत खडूंनी काढायची. गर्भाच्या पाठीवर आधी नुसती एक सपाट पट्टी असते. तिच्या कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि मधोमध चिकटतात. मग बॅगेची चेन दोन्ही बाजूंना ओढत न्यावी तशी ती नळी डोक्याकडे आणि शेपटाकडे मिटत जाते. शेपटाकडचं टोक सगळ्यांत शेवटी मिटतं. ते वेळेत मिटलं तर मिटलं. तेव्हा राहून गेलं तर पुढे कधीच मिटत नाही, हे वाक्य ती मुलांना दोनदा लिहून घ्यायला लावायची.

त्या आठवड्यात विभागप्रमुख डॉ. वॉरेन यांनी स्वतः एक ट्रे आणून दिला. गर्भ नेमका अशा वेळी घेतलेला होता की शेपटाकडची फट अजून उघडी होती. इतका नेमका नमुना दुसरा नाही, वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना हाच दाखवत आलोय, असं ते म्हणाले. उल्कानं फट जिथून सुरू होत होती तो छेद शोधला आणि काचेवर लिहायच्या पेन्सिलीनं त्याच्या डोक्यावर एक लाल टिंब दिलं.

२

दोन दिवसांनी रेषा पडताळायला तिनं तीच स्लाइड पुन्हा लावली. टिंबाखालच्या छेदात नळी मिटलेली होती.

ती हसलीच स्वतःवर. टिंब एक घर चुकलं असणार. तिनं काच पुढे सरकवली. पुढच्या छेदातही मिटलेली. त्याच्या पुढच्यात कडा एकमेकींना टेकलेल्या, आणि त्यानंतर कुठे फट सुरू होत होती. आपण काढलेली रेषा तिनं शेजारी धरली. कागदावर टिंबाच्या जागी दोन कडा दूर उभ्या होत्या, उघड्या ओंजळीसारख्या.

उल्का दीक्षाभूमीपासून हाकेच्या अंतरावरच्या घरात वाढलेली. त्या घरात नवस, ताईत, दृष्ट काढणं यातलं काही कधी आलं नव्हतं. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि मुलींनी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे, पुन्हा बघितलंस का? तिनं पुन्हा बघितलं. भिंग पुसलं, दिव्याचा कोन बदलला, ट्रेमधल्या आजूबाजूच्या स्लाइड्स काढून पाहिल्या. मग ठरवलं की त्या दिवशी डोळे दमले होते, कागद दुसऱ्याच छेदाचा आहे. जुनं टिंब पुसून तिनं नव्या जागी टिंब दिलं.

त्याच दुपारी टेबलावरचा फोन वाजला. दवाखान्यातली नर्स होती. उल्काला दिवस गेले होते. सोळाव्या आठवड्यात करतात ती रक्ताची तपासणी नुकतीच झाली होती. एक आकडा वर आलाय, नर्स म्हणाली. याचा अर्थ काही आहेच असं नाही, पण बाळाच्या पाठीचा कणा नीट मिटलाय ना, हे सविस्तर अल्ट्रासाउंड करून बघावं लागेल. अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी मिळाली.

उल्कानं थँक्यू म्हटलं, फोन ठेवला. मायक्रोस्कोपचा दिवा चालूच होता. पांढऱ्या प्रकाशात ती जांभळट फट तशीच उघडी होती.

३

तिचा नवरा अतुल सॉफ्टवेअरमध्ये होता. संध्याकाळी त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि फोन उचलून सरळ नीला काकूंना बोलावलं. नीला काकू पुण्याच्या. साठच्या दशकात नवऱ्याबरोबर इथे आल्या, तीस वर्षं लहान मुलांच्या डॉक्टर म्हणून काम केलं आणि आता निवृत्त होऊन गावातल्या सगळ्या मराठी पोरांना हक्कानं रागवायच्या. बर्फातून स्वतः ड्राइव्ह करत त्या आल्या. हातात गरम सूप होतं.

उल्कानं त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती आणि त्यांनी तिला काही समजावण्यात अर्थ नव्हता. दोघींनाही तो धडा पाठ होता. बाळाची नळी मिटायची ती चौथ्या आठवड्यात, बाईला दिवस गेल्याचं धड कळलेलंही नसतं तेव्हा. आता सोळाव्या आठवड्यात जे असेल ते ठरून गेलेलं आहे.

"काकू, खरं सांगा," उल्का म्हणाली.

"खरं सांगायचं तर मला माहीत नाही. शंभरातल्या बहुतेक बायकांचं काही निघत नाही. पण तू त्या बहुतेकांचा विचार करणार नाहीस, हे मला दिसतंय." मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "गुरुवारपर्यंत कामावर जात राहा. घरी बसू नकोस."

अतुलनं त्या रात्री बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली आणि तिच्या ज्योतीकडे बघत बसला. त्यालाही मागणं मागायची सवय नव्हती.

४

म्हणून ती जात राहिली. आणि फट लहान होत राहिली.

शुक्रवारी नवं टिंबही मागे पडलं होतं. आता हात चुकला म्हणायला जागा नव्हती, कारण टिंब देताना तिनं दोनदा तपासलं होतं. तरी तिच्या मनानं एकेक कारण शोधून काढलं. काचेवरचा जुना डिंक हीटरनं सैल होऊन छेद सरकत असतील. पण सरकले तर सगळे सरकतील, आणि सरकलेल्या छेदाच्या कडा एकमेकींना शिवल्या जात नाहीत. कुणीतरी स्लाइड बदलत असेल. पण कोण, कशासाठी? आकडा कळल्यापासून आपल्यालाच हवं ते दिसतंय, हे कारण तिला सगळ्यांत पटलं. त्याच्यावर विश्वास ठेवून ती शनिवार-रविवार घरी राहिली आणि दोन्ही दिवस फक्त त्या तळघराचा विचार केला.

सोमवारी सकाळी तिनं मायक्रोस्कोपचा दिवा लावायच्या आधीच खण उघडला आणि स्लाइड उचलली. ती कोमट होती.

शेजारची काच बर्फासारखी गार. त्याच्या शेजारचीही. खणाचं लाकूड गार, पितळी मूठ गार. ही एकच काच अंगात कणकण असलेल्या लेकराच्या कपाळासारखी होती. उल्का ती तळहातावर घेऊन उभी राहिली. हीटरचा नळ या कपाटामागून जात असेल, असं तिच्या मनात आलं. तिनं वाकून पाहिलं. नळ समोरच्या भिंतीला होता.

काम करताना तिला आवाजही ऐकू यायला लागला. नळांची खडखड थांबली की मधल्या शांततेत तो यायचा. ओला कागद कागदावरून ओढावा तसा, अगदी बारीक, आणि थांबून थांबून. ती वळली की बंद. ज्या खणातून यायचा असं वाटे तो उघडला की आत नुसत्या काचा. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि दारावरच्या काचेतून कॉरिडॉरमधली येजा दिसत होती. विद्यार्थी हातात कॉफीचे पेले घेऊन हसत चालले होते. त्यांच्यातल्या एखाद्याला आत बोलवावं असं तिला वाटलं. पण बोलावून सांगणार काय?

तिला भीती कशाची वाटत होती, हे तिचं तिलाच नीट सांगता येत नव्हतं. फट मिटत होती. वाईट काही होत नव्हतंच. पण नव्वद वर्षांपूर्वी मेलेल्या, फॉर्मलिनमध्ये बुडवलेल्या, मेणात घातलेल्या आणि सुरीनं शेकडो तुकडे केलेल्या त्या जिवाला आता काही करायचंय, ही गोष्ट तिला सहन होत नव्हती. आणि त्याहून सहन होत नव्हती ती ही, की रोज खण उघडताना तिला आशा वाटत होती.

५

गुरुवारी अपॉइंटमेंट अकराला होती. अतुल तिला तळघराच्या दाराशी घ्यायला येणार होता. त्या सकाळी कामावर न जाता ती घरी राहू शकली असती, पण आठ वाजताच ती मायक्रोस्कोपशी बसली होती.

शेवटचा एक छेद उरला होता. बाकी सगळी नळी टोकापर्यंत मिटली होती, आणि त्या एका छेदात दोन कडांमध्ये केसाएवढी जागा होती. कालही एवढीच होती. परवाही. इतके दिवस पुढे सरकणारी गोष्ट नेमकी इथे येऊन अडली होती.

उल्कानं मोठं भिंग लावलं. आता केसाएवढ्या फटीची दरी झाली आणि तिच्या दोन्ही काठांवर पेशी दिसू लागल्या, लांबट, दाटीवाटीनं उभ्या. फटीच्या अगदी काठाशी एक गोल पेशी होती. विभागायला निघालेली पेशी नेहमी नळीच्या आतल्या काठाशी येऊन गोल होते, हे तिनं हजारदा शिकवलं होतं. तिच्यातली रंगसूत्रं मधोमध एका आडव्या रेघेत उभी होती. विभागण्याच्या ऐन मध्यावर पकडली गेलेली, आणि तशीच थिजलेली.

बाहेर कोणीतरी दार आपटलं. तिनं मान वर केली, पुन्हा डोळा लावला.

एका रेघेच्या दोन झाल्या होत्या.

ती पापणी न लवता बघत राहिली. तिच्या नजरेसमोर काहीच हललं नाही. डोळ्यांत पाणी आलं, तिनं ते पुसलं, पुन्हा पाहिलं. दोन रेघा एकमेकींपासून लांब गेल्या होत्या आणि पेशीच्या कमरेला खाच पडली होती. तिनं डोळे मिटून घेतले. नळ थांबले होते. तो ओला, बारीक आवाज आता कपाटातून येत नव्हता. तो भिंगाखालून येत होता.

उघडून पाहिलं तेव्हा तिथे दोन पेशी होत्या. एक या काठाची, एक त्या काठाची, एकमेकींना टेकलेल्या. फट नव्हती.

आणि त्याच क्षणी तिच्या ओटीपोटात, डाव्या बाजूला, मासोळीनं शेपूट मारावं तसं काहीतरी हललं.

पहिलटकरणीला हे इतक्यात कळत नाही, हेही तिला माहीत होतं. तिनं दिवा बंद केला, स्लाइड तशीच लावलेली ठेवून ती कॉरिडॉरमध्ये आली आणि अतुल येईपर्यंत भिंतीला पाठ टेकून उभी राहिली.

६

अल्ट्रासाउंडची खोली अंधारी आणि उबदार होती. तंत्रज्ञ बाई प्रेमळ होती. थंड जेल लावायच्या आधी तिनं माफी मागितली. अतुल स्टुलावर बसून पडद्याकडे बघत होता. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. उल्काला सगळं कळत होतं, म्हणून ती छताकडे बघत होती.

मापं घेतल्याचे टिकटिक आवाज येत राहिले. मग ती डॉक्टरांना बोलवायला गेली. अतुलनं उल्काचा हात धरला.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी स्वतः एकदा सगळं फिरवून पाहिलं आणि पडदा उल्काकडे वळवला. "हे बघा," त्या म्हणाल्या. "मणके. दोन ओळी, वरपासून खालपर्यंत, आणि शेवटी इथे एकत्र येतात. वरची त्वचा अखंड आहे. मेंदूही अगदी हवा तसा आहे. तुमच्या बाळाला काहीही झालेलं नाही."

उल्कानं पाहिलं. मोत्यांच्या दोन सरी, शेपटाशी सुबक मिटलेल्या.

आकडा वर का आला याचंही कारण सापडलं होतं. बाळ सतरा नव्हे तर चांगलं वीस आठवड्यांचं होतं. दिवस मोजण्यात चूक झाली की हा आकडा हमखास वर येतो, डॉक्टर म्हणाल्या. सगळ्यांत नेहमीचं कारण. मग त्यांनी नवी तारीख दिली आणि हसून निघून गेल्या.

खोलीत दोघंच राहिली. वीस आठवडे म्हणजे सप्टेंबर. ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अतुल कामासाठी बेलव्ह्यूला होता, देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि एकदाही घरी येऊ शकला नव्हता. उल्काच्या आयुष्यात दुसरं कोणी नव्हतं, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. शिवाय सप्टेंबर संपता संपता तिची पाळी होऊन गेली होती. हिशोब कुठूनही मांडला तरी तीन आठवडे जास्त होत होते. बाळानं ते कुठून आणले याचं उत्तर त्या खोलीत नव्हतं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानंही मनात तेच मोजलेलं तिला दिसलं.

"अतुल, हे..."

"ठीक आहे ना ते?" त्यानं विचारलं. "तुला कळतं. तू बघितलंस. ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"मग बस्स," तो म्हणाला. पेपर टॉवेलनं त्यानं तिच्या पोटावरचं जेल पुसलं, नको तितक्या काळजीपूर्वक, आणि मग कपाळ तिथेच टेकवून तो रडला.

७

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा डॉ. वॉरेन तिच्या टेबलाशी बसले होते. काल मायक्रोस्कोप तसाच टाकून ती गेली होती, म्हणून झाकण घालायला ते आत आले आणि सहज डोळा लावून बसले. आधी त्यांनी तिच्या तपासणीची चौकशी केली. सगळं छान आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा मनापासून उजळला.

हा ट्रे कोणी हलवला का, त्यांनी विचारलं. नाही, ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा भिंगातून पाहिलं. हा गर्भ ते स्वतः विद्यार्थी असल्यापासून बघत आले होते. काचेच्या कोपऱ्यात एक जुना तडा होता, तोही तिथेच होता. आवाज न चढवता ते म्हणाले, "मिटलेला गर्भ शिकवायला मला दुसरे पुष्कळ आहेत. उघडा एवढा एकच होता."

उल्काला सांगावंसं वाटलं. तोंड उघडलंही. पण त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले की या वयात आपल्याला काही गोष्टी कळायला नको असतात. त्यांनी स्लाइड काढून ट्रेमध्ये ठेवली. ठेवताना बोटांना ती कशी लागली हे तिनं विचारलं नाही. पण ती ठेवून झाल्यावर त्यांनी हात कोटाला पुसला नाही, की झटकला नाही. काच आता कोमट नसावी, हे कळायला तिला एवढं पुरलं. संध्याकाळी तिनं स्वतः खण उघडून बघितलं. ती काच आता बाकीच्यांसारखी गार होती.

दुपारपासून तिनं पुढचा ट्रे घेतला. तो मोठ्या गर्भाचा होता, मेंदूच्या घड्या पडायला लागलेला. मे संपेपर्यंत ती त्या खोलीत काम करत राहिली. नळ खडखडायचे, थांबायचे, आणि मधल्या शांततेत काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही.

८

मुलगी जूनमध्ये झाली. उल्काच्या हिशोबानं लवकर, डॉक्टरांच्या हिशोबानं अगदी वेळेवर, आणि वजनानं चांगली भरलेली. नर्सनं तिला पुसून पालथी केली तेव्हा खोलीतल्या सगळ्यांच्या आधी उल्कानं मान उचलून तिची पाठ पाहिली. सपाट, गुलाबी, ओली पाठ.

दोन दिवसांनी नीला काकू आल्या. त्यांनी खिडकीशी उजेडात बसून बाळाला डाव्या हाताच्या तळव्यावर पालथं घेतलं, जसं तीस वर्षं हजारो बाळांना घेतलं होतं, आणि उल्काला जवळ बोलावलं.

"इकडे ये. तू आयुष्यभर तुकडेच बघितलेस. आता सबंध बघ."

त्यांनी कण्याच्या बाजूनं, खांद्यापासून कमरेपर्यंत, बोटाचं टोक हलकेच ओढलं. बाळाची कंबर त्या बाजूला वळली. आख्खं अंग कमानीसारखं वाकलं, जणू आतून कुणीतरी दोरी ओढली. दुसऱ्या बाजूनं ओढलं तशी ती दुसरीकडे वाकली. बोटाची हाक त्वचेतून कण्यात जात होती, कण्यातून स्नायूंना उत्तर येत होतं, आणि यातलं काही त्या मुलीला कोणी शिकवलेलं नव्हतं.

"आता तू कर," काकू म्हणाल्या.

उल्कानं बोट टेकवलं. ऊब जाणवली. डावीकडून ओढलं, मुलगी डावीकडे वाकली. उजवीकडून ओढलं, उजवीकडे वाकली आणि झोपेतच जांभई दिली. अतुल दाराशी उभा राहून बघत होता. तो म्हणाला की अजून एकदा करून बघ.

"नको," उल्का म्हणाली. "झोपू दे तिला."

तिनं मुलीला कुशीत घेतलं, पाठीवर नुसता हात ठेवला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच, काही न तपासता, तीही झोपून गेली.